ओर्फेलिनाचा बुधवार

आचाओ गावच्या रेडिओवर दुपारी एक वाजता निरोप वाचले जात, तेव्हा आजूबाजूच्या बेटांवर जेवणाऱ्या माणसांचे चमचेसुद्धा जपून वाजत. निरोप साधेच असत. लिनलिनच्या ओयार्सो कुटुंबाला कळवण्यात येतं की आजीला दवाखान्यातून सोडलं आहे, गुरुवारच्या बोटीनं येतील, धक्क्यावर घोडा घेऊन यावं. मेउलिनच्या रुपेर्तोला कळवण्यात येतं की बियाण्याचे बटाटे मिळाले, रिकामी पोती परत पाठव. हे निरोप वर्षानुवर्षं एकच बाई वाचत आली. ओर्फेलिना कार्कामो तिचं नाव. आवाज भरदार, थोडा खर्जातला, घाई नसलेला. तिनं मृत्यूची बातमी वाचली तरी ऐकणाऱ्याला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटे.

बेटांवरच्या लोकांनी त्या आवाजावरून बाईही मनात उभी केली होती. उंच, रुंद खांद्यांची, होडी एकटीनं ओढून काढणारी. एकदा चुलिनहून एक म्हातारा तिच्यासाठी सुकवलेले शिंपले घेऊन रेडिओवर आला आणि टेबलापलीकडे नजर फिरवत उभा राहिला.

"ओर्फेलिना कुठे भेटेल?"

"जरा खाली बघा," ओर्फेलिना म्हणाली.

ती टेबलाच्या कडेवरून जेमतेम दिसायची. आईच्या पोटात असतानाच तिचा पाठीचा कणा खालच्या बाजूला नीट मिटला नव्हता. डॉक्टर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. गल्लीतल्या बायका म्हणत, पोर पाठ उघडी घेऊन आली. घरात ती कॅलिपर लावून कुबड्यांवर चाले, बाहेर चाकाच्या खुर्चीवर. गुडघ्याखाली पायांना काही कळत नसे. लघवीही आपोआप कळत नसे, ठरावीक वेळेला नळी घालून काढावी लागे. हे सगळं तिनं आणि तिच्या आईनं मिळून इतकं झाकून ठेवलं होतं की रेडिओवरच्या माणसांनाही वाटे, बाईंना फक्त चालता येत नाही.

तिची आई दोन्या झुनिल्दा, म्हणजे झुनिल्दाबाई. बुटकी, काटक, सत्तरी ओलांडली तरी उताराच्या शेतात स्वतः बटाटे लावणारी. नवरा तरुणपणीच समुद्रात बुडून गेला. तेव्हापासून घरात या दोघीच.

ओर्फेलिना सेहेचाळीस वर्षांची असताना हिवाळ्यात ते घडलं. बाहेर आडवातिडवा पाऊस चालू होता. ती लाकडाच्या चुलीजवळ बसून दुसऱ्या दिवशीचे निरोप लावत होती. ऊब यावी म्हणून पाय चुलीच्या भट्टीच्या दाराला टेकवले होते. काही वेळानं घरात करपल्याचा वास सुटला. तिला वाटलं, आईनं मिलकाओ जाळले. बटाट्याच्या त्या भाकऱ्या आईकडून कधी करपत नसत, म्हणून ती चेष्टा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात झुनिल्दा आतून धावत आली, तिनं पाय ओढून बाजूला केला आणि लोकरीचा मोजा फाडला. टाच पार भाजली होती. ओर्फेलिनाला काहीच कळलं नव्हतं.

कास्त्रो शहरातल्या दवाखान्यात बरेच दिवस गेले. मग घरी, पाय उशीवर उंच ठेवून. अशी जखम भरायला फार वेळ घेते. भरते आहे असं वाटतं आणि पुन्हा उघडते. रेडिओवर तिच्या जागी दुसरी मुलगी निरोप वाचू लागली. नावं चुकायची. सुरुवातीला ओर्फेलिना पलंगावरून तिच्या चुका दुरुस्त करायची, नंतर एक वाजला की रेडिओ बंद करायला सांगू लागली. केस विंचरायचं सोडलं. शेजारीण भेटायला आली की डोळे मिटून घेई. झुनिल्दा दारात उभी राहून सांगे, "झोपली आहे हो," आणि शेजारीण गेली की पलंगापाशी येऊन म्हणे, "गेली. उघड डोळे." पण ती उघडत नसे.

मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकेनं मग एक नंबर दिला. वाल्दिव्हियात माकारेना नावाची मानसोपचारतज्ज्ञ होती. दक्षिणेत विखुरलेल्या, हाच आजार घेऊन मोठ्या झालेल्या माणसांना ती दर बुधवारी चार वाजता एकत्र फोनवर आणायची. चेहरे दिसायची भानगड नव्हती. निम्म्या लोकांकडे तेवढं नेटच नव्हतं. लहान मुलांसाठी संस्था होत्या, शिबिरं होती. ही मुलं चाळीस-पन्नाशीची झाल्यावर काय करतात, हे विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

"मला नाही कुणाशी बोलायचं," ओर्फेलिना म्हणाली.

"नको बोलूस," झुनिल्दा म्हणाली. "ऐक नुसतं. आयुष्यभर लोकांना ऐकवलंस ना?" आणि तिनं स्वतःच नंबर लावून फोन उशीवर ठेवला.

फोनवर सहासात जण होते. माकारेनाचा आवाज तरुण, थोडा सर्दीचा. तिनं नव्या बाईला स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. ओर्फेलिनानं रेडिओवरचा आवाज काढला.

"मी आचाओची. रेडिओवर काम करते. माझं सगळं ठीक चाललंय."

पलीकडून एक घोगरा आवाज आला. "सगळं ठीक चाललेली माणसं बुधवारी चार वाजता इथे काय करतात?"

"एलादिओ," माकारेना म्हणाली.

"विचारलं फक्त."

एलादिओ बार्रिएन्तोस कोयाइकेचा. खुर्चीत बसून खोगिरं आणि लगाम शिवायचा. त्याला घोड्यावर कधी बसता आलं नव्हतं आणि घोड्यांबद्दल त्याचं मत वाईट होतं. त्या दिवशी ओर्फेलिनानं मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या आणि पुढच्या बुधवारी तो काय बोलतो ते ऐकायला फोन स्वतःच लावला.

त्या बुधवारी एलादिओनं बसमधली गोष्ट सांगितली. लांबचा प्रवास, भरलेली बस, आणि पिशवीला जोडलेली नळी निसटली.

"खालून ओघळ निघाला तो थेट ड्रायव्हरच्या दिशेनं," तो म्हणाला. "शेजारची बाई म्हणाली, अरे देवा, कुणाचा तरी थर्मास सांडला वाटतं. मी म्हटलं, हो बाई, माझाच. येर्बाच्या चहाचं पाणी. तर ती भली बाई रुमाल काढून पुसायला लागली."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय. पुसू दिलं. तिचा रुमाल, तिची हौस."

फोनवर आधी कुणी हसेना. मग एक मुलगी खुदकन हसली, फार बारीक आवाजात, आणि तिच्यामागून सगळे. ओर्फेलिना इतकी हसली की उशी ओली झाली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण आता हसत नाही आहोत. तिनं चुलीची गोष्ट सांगितली. वासाची, मिलकाओची, मोज्याची.

"भाजली ती टाच," ती म्हणाली. "पण लाज वाटली ती मला सबंधच्या सबंध बाईला. एवढी घोडी झाले, आणि स्वतःचा पाय जळतो ते आईला येऊन सांगावं लागतं."

कुणी तिची समजूत घातली नाही. एका बाईनं सांगितलं, माझी मांडी गरम पाण्याच्या पिशवीनं भाजली होती. दुसऱ्यानं सांगितलं, बुटात खिळा शिरला होता, संध्याकाळपर्यंत त्याच्यावरच हिंडलो. एलादिओ म्हणाला, "टाच आहे ना अजून जागेवर? मग बस झालं."

स्वयंपाकघरात बटाटे किसण्याचा आवाज मघापासून थांबलेला होता. आई ऐकते आहे हे ओर्फेलिनाला कळलं होतं. तिनं दार लावून घे म्हणून सांगितलं नाही.

खुदकन हसणारी मुलगी होती यास्ना नावार्रो, पंचविशीच्या आतली, बुताचाउकेस बेटावरची. नकाशावर बघितलं तर दोघी एकाच समुद्रावर, बोटीनं काही तासांच्या अंतरावर. पण खुर्चीसकट बोटीत चढणं-उतरणं म्हणजे चार माणसं आणि ओहोटी-भरतीची मर्जी, त्यामुळे त्या कधी भेटलेल्या नव्हत्या. माकारेना सगळ्यांना सांगे, अधेमधे एकमेकांना फोन करा. ओर्फेलिना यास्नाला शनिवारी करू लागली. यास्ना फोनवर कुजबुजतच बोले. घर लहान, आई कायम जवळ. हळूहळू तिनं सांगितलं की तिला कास्त्रोला जाऊन शिवणकाम शिकायचं आहे, पण जाणार कशी? दिवसातून चारपाच वेळा तिला नळी घालते ती आई. आजवर दुसऱ्या कुणी घातलेली नाही.

"स्वतः का नाही घालत?" ओर्फेलिनानं विचारलं.

"मला जमणार नाही म्हणते आई."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला कधी कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"मग आता मी विचारते आहे."

पुढच्या बुधवारी यास्ना फोनवर नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. तिचा फोन बंद. माकारेनानं बेटावरच्या आरोग्य केंद्रात चौकशी केली; तिथल्या माणसानं घरी जाऊन पाहिलं आणि कळवलं की मुलगी बरी आहे, पण तिची आई दोन्या एर्सिरा म्हणतात, त्या फोनवाल्या लोकांनी माझ्या पोरीचं डोकं फिरवलं, आता पुरे.

"बळजबरी नाही करता येणार," माकारेना म्हणाली. "आपण दार उघडं ठेवायचं."

"दार उघडं आहे हे तिला कळणार कसं?" एलादिओ म्हणाला. "ओर्फेलिना, तू इतकी वर्षं रेडिओवर काय करत होतीस, हवामान सांगत होतीस?"

ओर्फेलिनानं त्या आठवड्यात केस धुतले. टाचेवर नवी पट्टी बांधली, वर मोठा मऊ जोडा चढवला. शेजाऱ्यानं त्याच्या गाडीत खुर्ची टाकली. झुनिल्दा म्हणाली, मीही येते. ती आजवर कधी रेडिओवर गेली नव्हती. ठेवणीतली शाल पांघरून निघाली.

निरोप वाचणाऱ्या मुलीनं खुर्ची लगेच मोकळी करून दिली, खरं तर सुटल्यासारखा चेहरा करून. ओर्फेलिनानं माइक खाली ओढून घेतला. आधी बाकीचे निरोप वाचले, कारण आधीचे आधी. मग वाचलं:

"बुताचाउकेसच्या यास्ना नावार्रो हिला कळवण्यात येतं की बुधवारी चार वाजता तिची वाट बघणारी माणसं आहेत. कोयाइकेचे खोगीरवाले विचारत होते. ती आली नाही तरी रागावणार नाहीत, पण विचारत राहतील."

तिनं माइक बंद करायला हात नेला, तर झुनिल्दानं तो धरला.

"माझाही एक आहे," ती म्हणाली.

"आई, कागदावर लिहून द्यावा लागतो."

"मला लिहायला कुठे वेळ आहे." आणि ती माइकाजवळ इतकी वाकली की बेटांवरच्या रेडिओंत तिचा श्वास ऐकू गेला. "दोन्या एर्सिरा, मी झुनिल्दा. आत्ता वाचलं ना, तिची आई. बुधवारी फोन तुम्ही घ्या. मुलींबद्दल नाही बोलायचं मला. आपल्याबद्दल बोलायचं आहे."

बुताचाउकेसमध्ये त्या दुपारी ज्यानं त्यानं हे ऐकलं. दोन्या एर्सिराला चर्चपर्यंत जाऊन येईतो पाच जणींनी सांगितलं की तुझा निरोप आला आहे.

बुधवारी चारला सगळे जमले. बोलणं पुढे सरकत नव्हतं. मग टक् असा आवाज झाला.

"कोण ती झुनिल्दा?" कडक आवाज होता.

झुनिल्दा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि मुलीच्या पलंगावर बसली. फोन कसा धरायचा हे न सुचून तिनं तो बशीसारखा तळहातावर ठेवला.

"मी. कशा आहात?"

"कशी असणार? सगळ्या बेटाला कळलं. लोक विचारतात, पोरीला काय केलंस म्हणून. मी काय केलं तिला? चोवीस वर्षं हातावर झेलली."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी माझीची नळी ती एकतीस वर्षांची होईपर्यंत घालत होते," झुनिल्दा म्हणाली. ओर्फेलिनानं मान वर केली. हे आई सात परक्या माणसांसमोर बोलत होती. "मला वाटायचं, माझ्या हाताशिवाय हिला जमायचं नाही. एक दिवस मी तापानं पडले, तेव्हा हिनं गुपचूप स्वतः घातली. नीट घातली. मी बरी झाल्यावर मला सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी शेतात गेले आणि मातीत बसून रडले. म्हटलं, आता माझं काय काम या घरात?"



"मग?" एर्सिरानं विचारलं. आवाज आता तितका कडक नव्हता.

"मग काय. शेतात आलेच होते, तर बटाटे काढले."

एर्सिरा हसली की काय ते कळलं नाही. मग म्हणाली, "चुकून कुठे लागलं तिला तर? ताप चढला तर? एकदा चढला होता. मरता मरता वाचली."

"हो. चढतो. आपण घातली तरी चढतो."

"आणि मी मेल्यावर..." एर्सिरा थांबली.

"तेच," झुनिल्दा म्हणाली. "मला दुसरं काही बोलायचं नव्हतं. हे एकच. हे दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. पाद्रीबाबांनाही सांगून बघितलं, ते म्हणाले देव बघेल. देव नळी घालायला येणार आहे का?"

कुणीतरी जोरात नाक ओढलं.

"एलादिओ, रडतोस की काय?" ओर्फेलिनानं विचारलं.

"कांदा चिरतोय."

"तू तर चामडं शिवतोस ना आता?"

"चामड्यासारखाच कांदा आहे. तुम्ही बोला हो, दोन्या, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

माकारेनानं त्या दिवशी एक शब्द मध्ये टाकला नाही. नंतर ती ओर्फेलिनाला म्हणाली की मी शिकले त्यातलं काही तिथे कामाचं नव्हतं, म्हणून गप्प बसणंच बरं वाटलं.

यास्नाचा फोन एर्सिरानं पिठाच्या डब्यात लपवला होता. पुढे बरेच दिवस त्यातून बोलताना तिचा आवाज भरडा यायचा. नळीचं एका दिवसात जमलं नाही. आरोग्य केंद्रातल्या बाईनं शिकवलं, आरसा लावून दाखवलं, कपडे भिजले, चादरी भिजल्या, एकदा यास्नानं सगळं फेकून दिलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. एर्सिरा दाराबाहेर उभी राहायची, आत जायची नाही. दाराबाहेर उभं राहणं किती अवघड असतं ते ती झुनिल्दाला फोनवर सांगायची. कारण आता या दोघींचा स्वतंत्र फोन सुरू झाला होता, गुरुवारी, आणि तो मुलींच्या फोनपेक्षा लांबायचा. त्यात गुडघे असत, बटाट्यांवरची कीड असे, मेलेले नवरे असत, आणि ते एक बोलणंही असे. पुढे त्यात आणखी दोन आया आल्या. माकारेनानं विचारलं, मी यात असू का? झुनिल्दा म्हणाली, "तुझं लग्न झालंय का? पोरंबाळं? मग तू बुधवारीच ये."

यास्ना दुसऱ्या वर्षी कास्त्रोला गेली, मावशीकडे राहून शिवण शिकली. ओर्फेलिनाची टाच भरली आणि ती आठवड्यातून तीन दिवस रेडिओवर जाऊ लागली. निरोप वाचणाऱ्या मुलीकडून तिनं बेटांवरची आडनावं घोटून घेतली. बुधवारी चार वाजता मात्र तिला कुणी कामाला लावायचं नाही, असं ठरलं होतं.

दोन्या झुनिल्दा शरद ऋतूत गेली. सकाळी उठून चूल पेटवली, थोडं बसते म्हणाली आणि बसल्या जागी गेली. आपण आधी जाऊ आणि पोरीचं काय होईल, याचं ओझं तिनं आयुष्यभर वाहिलं होतं. पण मेली त्या दिवशी तिच्या पोरीनं स्वतःच शेजाऱ्यांना हाक मारली, स्वतःच पाद्रीबाबांना कळवलं, आणि एक वाजता रेडिओवर जाऊन आईचा निरोप स्वतः वाचला. आवाज एकदाच अडकला, तोही आईच्या नावावर नाही, तर "सर्वांना जेवणासाठी यावं" या शब्दांवर.

आमच्याकडे बेटांवर माणूस गेलं की नऊ दिवस घरात जपमाळ चालते. बुधवारच्या मंडळींनी फोनवरून सोबत धरली. मेजावर मेणबत्त्यांशेजारी फोन ठेवला होता, आणि कोयाइकेहून एलादिओ प्रार्थना चुकीच्या जागी म्हणत होता. जमलेल्या बायका आधी दचकल्या, मग त्याच्यासाठी थांबू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावरून कुणीतरी ओरडत आलं की बुताचाउकेसची बोट लागली आहे आणि खुर्ची उतरवायला माणसं पाहिजेत. यास्ना आईला घेऊन आली होती. कास्त्रोला जाऊन आल्यापासून यास्नाला बोटीची सवय झाली होती. समुद्र लागला तो एर्सिराला. ती हिरवट चेहऱ्यानं दारात उभी राहिली. उंच, रुंद खांद्यांची बाई, होडी एकटीनं ओढून काढेल अशी.

ओर्फेलिना आणि यास्ना एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू एवढीशी आहेस?" यास्ना म्हणाली.

"तुझं नाक मी लहान धरलं होतं," ओर्फेलिना म्हणाली. मग दोघींच्या खुर्च्यांची चाकं एकमेकींत अडकली आणि मिठी मारायला शेजाऱ्यांना त्या सोडवाव्या लागल्या.

एर्सिरा नऊ दिवस पुरे होईपर्यंत राहिली. तिनं विचारलं नाही, थेट बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेली. सरपण वर रचलेलं होतं ते तिनं खाली आणलं, ओर्फेलिनाच्या हाताला येईल एवढं. झुनिल्दाच्या शेतातले उरलेले बटाटे काढून पोत्यांत भरले. संध्याकाळी ती झुनिल्दाच्या खुर्चीत बसे आणि मृत बाईबद्दल तक्रारी करे. गुरुवारी किती बोलायची, मला तोंड उघडू द्यायची नाही, आणि आता बघ, आधी निघून गेली.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "एकटी राहशील?"

"राहीन," ओर्फेलिना म्हणाली. "शेजारी आहेत. रेडिओ आहे. भीती वाटेल तेव्हा फोन करीन."

"दिवसा कर. मी रात्री लवकर झोपते." मग एर्सिरानं अंगणाकडे बघितलं. "आणि त्या कोंबड्यांचं काय?"

झुनिल्दाच्या कोंबड्या सैल सुटलेल्या, डोंगरभर हिंडणाऱ्या. कुबड्यांवर त्यांच्या मागे धावणं शक्य नव्हतं. ओर्फेलिना म्हणाली, दोन ठेवते, आळशी असतील त्या. बाकीच्या तुम्ही न्या. मग दोघी मायलेकींनी मिळून आळशी कोंबड्या निवडायला सबंध सकाळ घालवली. एर्सिरा धावत होती, यास्ना खुर्चीवरून हुकूम सोडत होती, आणि ओर्फेलिना दारात बसून प्रत्येकीचं नाव सांगत होती, कारण झुनिल्दानं सगळ्यांना नावं ठेवली होती, काही तर गावातल्या बायकांची. शेवटी कोंबड्या पोत्यात घालून बोटीत चढवल्या. समुद्र शांत होता. तरी एर्सिराला वाटेत पुन्हा लागलाच, आणि कोंबड्यांना काही झालं नाही, असं यास्नानं घरी पोचल्यावर फोन करून सांगितलं.